हातांपुरता उजेड

लक्ष्मीपुरीत, बागवानांच्या दुकानात
काउंटरवर सात कंदील मांडलेत
आणि नसीरभाई एकेकाची ओळख करून देतायत
स्थळं दाखवावीत तशी.
"ह्यो हजार ल्युमेनचा. दाजीपुरात लावला
तर गवा बी वाट बदलंल."
"ह्याला सोलर हाय, मोबाईल बी चार्ज हुतो."
"आणि ह्यो, ताई, दाबला की पेल्यात बसंल."

मी हातात घेऊन वजन बघते.
बावीस वर्षं केएमटीत कंडक्टर आहे,
पट्टा खांद्याचं काय करतो ते मला विचारा.
दोनशे ग्रॅम. भडंगाच्या पुड्याएवढा. चालेल.

पण जाणारी मी नाही.
जाणार गौतमी, आणि शाळेतल्या तिघी,
हीना, सुप्रिया, कागलची अक्षता.
दोन रात्री, एक तंबू.
चौघींनाही ऐकू येत नाही.
(ऐकत तर त्या तशाही कोणाचं नाहीत.)

गौतमी खोक्यावरचं काही वाचत नाही.
कंदील लावते, दोन पावलं मागं सरते
आणि हात वर घेते.

हजार ल्युमेनमध्ये तिचे डोळे बारीक होतात,
हनुवटी पांढरीफटक,
मागं पंख्यांच्या खोक्यांवर बोटांच्या सावल्या
हत्तीएवढ्या, आणि खरी बोटं काळी.
काय म्हणालीस?
ती तो कंदील बाजूला सारते.

दुसरा निळसर.
त्यात तिचे हात दुधात बुडवल्यासारखे,
बोट बोटात विरघळतं.
'उद्या' म्हणाली की 'पाणी', कळलं नाही मला.

"रेंज बघा की ताई, पन्नास मीटर!"
पन्नास मीटरवर कोण आहे, नसीरभाई?
हिला दीड हात हवाय.

आमच्या बावड्याच्या घरात लाईट जाते
तेव्हा वाक्य जिथल्या तिथं तुटतं.
मग ती माझा तळवा ओढून घेते
आणि बोटानं एकेक अक्षर गिरवते,
मेणबत्ती कुठंय, भूक लागलीय, असलं काहीबाही.
एकदा भांडणाच्या ऐन मध्यात गेली.
दोघी हात उगारून तशाच अंधारात उभ्या.
तळव्यावर भांडता येत नाही.
लाईट आली तोवर मी विसरले होते,
ती नाही.

हे मी नसीरभाईंना सांगितलं नाही.
पण तिसऱ्या कंदिलाला ते गप्प झाले,
तिच्या हातांकडं बघत राहिले,
मग उठून शटर अर्धं ओढलं
आणि दुकानातल्या सगळ्या ट्यूब बंद केल्या.
बाहेरून कोणीतरी ओरडलं, "ओ, होल्डर द्या की राव!"
"थांब रं," नसीरभाई म्हणाले. "कामात हाय."

पेल्यात बसणारा तो,
पिवळसर, वर आकडीचा,
त्यांनी पंख्याच्या दोरीला अडकवला.
उजेड वरून उतरला, सायीसारखा,
तिच्या कपाळावर, मनगटांवर,
सावल्या खाली मांडीशी जाऊन बसल्या.
गौतमी बोलली.
सगळं वाचता आलं मला.
नसीरभाईंच्या टोपीबद्दल जे म्हणाली तेही.
त्यांनी विचारलं, काय म्हणते पोरगी?
आवडला म्हणते, मी सांगितलं.

साडेसातशेचे साडेसहाशे केले, सवयीनं.
मंद ठेवला तर चाळीस तास जळतो.
तिकिटांचा हिशोब करणारं डोकं लगेच लागलं कामाला:
चाळीस भागिले चार,
दहा-दहा तास प्रत्येकीच्या वाट्याला
बोलायला.
पुरेल का?

म्हणून तीन सेल जादा मागितले.
गौतमीनं गालाखाली तळवा धरला, डोळे मिटले:
आई, झोपणार पण आहोत आम्ही.

मी पिशवीला गाठ मारली.
विश्वास काही बसला नाही.